घोरपडीचं पोट धुऱ्यावरच चालते



धानाची मळणी आटोपली, लाखोळी फुलावर आहे, हरभऱ्याला घाटे लागून राहिले. या दिवसांत मी एक तं घाटेअळीवर लिहितो, नाही तं दवावर. आज घोरपडीवर लिहितो. घरचे म्हणाले, "आपलीच गोष्ट चव्हाट्यावर कशाला आणता?" पण या पानावर मी दुसऱ्याच्या बांधीतली चूक बिनधास्त लिहितो. मग आपल्या गोठ्यातली लपवून कसं जमेल?

गोष्ट आखाडातली. रोवणी सुरू होती. पऱ्हे उपटताना पुतण्याला धुऱ्याजवळ घोरपडीचं पिल्लू सापडलं. वीतभर लांब, अंगावर पिवळसर ठिपके, जीभ सापासारखी आतबाहेर. पोट्ट्याने ते दुपट्ट्यात गुंडाळलं अन् घरी आणलं. टमाट्याच्या क्रेटमध्ये वैनगंगेची रेती टाकली, वरून जाळी बांधली, क्रेट गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवला. आजकाल मोबाईलवर बाहेरदेशचे लोक खांद्यावर घोरपड घेऊन फिरताना दिसतात. तेच पाहून पोट्ट्याच्या डोक्यात आलं.

मला तिसऱ्या दिवशी दिसलं. "सोडून दे" म्हणालो, पण एकदाच. त्यानंतर मीच खाटेवर बसून सल्ले देऊ लागलो. पुतण्या विचारे, "मोठेबाबा, याले काय देऊ?" मी म्हणालो, मांस खाणारा जीव आहे, बिना हाडाचं चिकन दे बारीक करून, कलेजी दे, अंडं उकडून कवच काढून दे. घरच्या बाईने वाटीभर दूधही ठेवलं. लेकराला जे देतो ते त्याला दिलं. रविवारच्या बाजारातून बॉयलरचं पाव किलो वेगळं येऊ लागलं.

दिवाळीपर्यंत पिल्लू चांगलं गुबगुबीत झालं. शेपटीचं बुड जाड झालं, पोट खाली टेकू लागलं. आम्ही पाहुण्यांना दाखवत होतो. मी पण दाखवलं, खोटं कशाला बोलू.

मग थंडी पडली. पहिले त्याने खाणं सोडलं. मग खाल्लेलं दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं बाहेर, अन् वास असा की गोठ्यात उभं राहवेना. हगणं बंद झालं ते बारा दिवस. पोट ढोलासारखं, पण पाठीचा कणा वर दिसे. चालताना मागचे पाय ओढू लागलं, बोटं थरथरत. खालचा जबडा दाबला तं रबरासारखा लवे. पुतण्या रडकुंडीला आला. "मोठेबाबा, हे खाऊनच नाही राहिलं." मी काय केलं? जबडा उघडून चमच्याने अंड्याचा बलक भरवायला सांगितलं. तो सल्लाही माझाच.

शेवटी ढोरांच्या डॉक्टरला फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं अन् पहिलंच वाक्य बोलले, "भाऊ, हा जीव घरात ठेवणं गुन्हा आहे, आधी वन विभागाला कळवा." ते म्हणाले तसं केलं. वन विभागाची माणसं येईपर्यंत डॉक्टर फोनवर जे बोलले, ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

त्यांनी मलाच विचारलं, "गाय व्याल्यावर थंडी पडल्यासारखी बसते, मान टाकते, तेव्हा आपण काय देतो?" म्हटलं, कॅल्शियमची बाटली. "कोंबडीचं अंडं मऊ कवचाचं येते तेव्हा?" म्हटलं, चुना, शिंपल्याचा चुरा. "मग या पिल्लाला चुना कुठून भेटला?" मी गप्प. मांसात अन् कलेजीत फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळपास नाहीच. वाढत्या जिवाला हे रोज दिलं की शरीर आपल्याच हाडातलं कॅल्शियम ओढून घेते. म्हणून जबडा रबरासारखा अन् पाय लटके. रक्तात कॅल्शियम घसरलं की अंग थरथरते, अन् आतड्याचे स्नायू सुस्त पडले की घाण पुढे सरकत नाही. अंड्यात चुना होता तो कवचात. तेच मी सोलून फेकायला सांगत होतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. घोरपडीचं रक्त आपल्यासारखं आतून गरम राहत नाही. सकाळी ती वारुळावर नाही तं दगडावर अंग पसरून ऊन घेते, अंगाची गरमी ३५ अंशाच्या आसपास आली की मग शिकारीला निघते अन् त्याच गरमीवर खाल्लेलं पचवते. चुलीत जाळ नसला तं भात शिजत नाही, तो नासतो. तसंच तिच्या पोटात होते. आमच्या गोठ्याच्या कोपऱ्यात दिवसाही ऊन नव्हतं, रात्री तं हिवच. पोटातलं मांस पचण्याआधी सडत होतं, म्हणून ती बाहेर टाकत होती. टाकणं हा तिचा शहाणपणा होता, अन् आम्ही चमच्याने परत आत घालत होतो. शिवाय अंगावर थेट ऊन पडलं तरच शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते, अन् ते असलं तरच खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागते. काचेआडून आलेलं ऊन या कामाचं नाही.

दुधाबद्दल डॉक्टर हसले. ज्या जिवाची माय दूध पाजतच नाही, त्याच्या आतड्यात दूध पचवायचा रस कुठून असणार? जुलाब होतात, आतडं बिघडते. आपल्याकडे धामण गाईचं दूध पिते असं सांगतात, नागपंचमीला वाटी ठेवतात. तहानलेला जीव दिसेल ते पाणी पितो, त्याला आपण भक्ती म्हणतो.

वनरक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी आले. पंचनामा झाला, जबाब झाला. जबाबात मी माझंही नाव सांगितलं, कारण पोट्ट्याने उचललं असलं तरी चार महिने बिघडवलं मी. कायद्याचं जे व्हायचं ते होईल. पिल्लू तिसऱ्या दिवशी मेलं, असं नंतर फोनवर कळलं. हाडं फोटोत पेंढ्यासारखी पोकळ दिसली, अन् आतड्यात रेती साचून घट्ट झाली होती. ती रेती आम्हीच टाकलेली. ओलं मांस रेतीवर ठेवलं, मांसासोबत रेती पोटात गेली. पिण्याच्या पाण्याची वाटी तं कितीक वेळा कोरडीच असे. पाणी कमी, ऊन कमी, रेती जास्त. बद्धकोष्ठ होणार नाही तं काय होईल?

पुतण्या दोन दिवस जेवला नाही. मी त्याला समजावायला गेलो अन् काय बोलावं ते सुचलं नाही.

आता जरा बांधीत चला. तीस वर्षं पाहून राहिलो, पण कधी नीट पाहिलं नाही, हे आता कळते. घोरपडीची हगण धुऱ्यावर वाळलेली दिसते. काडीने फोडून पाहा. भुंग्यांच्या पाठीची चकाकणारी कवचं, टोळांच्या तंगड्या, खेकड्याच्या नांगीचे तुकडे. एका टोकाला पांढरा खडूसारखा भाग असतो, ते तिचं मूत. ऊन चांगलं तापलं की ती जीभ फिरवत धुऱ्याधुऱ्याने चालते, पालापाचोळा उकरते, शेणाच्या पोवट्या उलटवून खालचे किडे अन् अळ्या खाते. वॉल्टर ऑफेनबर्ग नावाच्या अमेरिकन माणसाने आपल्या या घोरपडीवर जाडजूड पुस्तक लिहिलं, १९९४ साली आलं. त्यातही तिच्या खाण्यात भुंगे अन् त्यांच्या अळ्या सगळ्यात वर आहेत. मग टोळ-नाकतोडे, मुंग्या, विंचू, गोगलगायी, खेकडे, बेडूक, उंदराची पिल्लं, पाखरांची अंडी. मेलेल्या ढोरावरही येते. पण बिना हाडाच्या मांसाचा गोळा तिच्या ताटात कुठेच नाही. जे खाते ते अख्खं खाते, कवचासकट, हाडासकट, केसासकट. कवच-हाडातून चुना भेटतो, अन् न पचणारी टरफलं आतडं साफ ठेवतात. वर दिवसभराचं चालणं, उकरणं, चढणं. क्रेटमध्ये दोन पावलं चालली की भिंत.

अन् या दिवसांत, म्हणजे पुसाच्या थंडीत, ती बिळात नाही तं झाडाच्या ढोलीत पडून असते. फार कमी बाहेर पडते, फार कमी खाते. आम्ही मात्र "खात नाही, खात नाही" म्हणून घाबरलो. रानात असती तं तिनेही खाल्लं नसतंच.

हे फक्त आमच्यासारख्या अडाण्याकडून होते असं नाही. आफ्रिकेत सव्हाना घोरपड असते, ती तिकडून पकडून युरोप-अमेरिकेत हजारोंनी विकली जाते. तिकडे लोक तिला बल्बची गरमी देतात, औषध देतात, पैसा खर्च करतात. तरी ती लठ्ठ होऊन, यकृतात चरबी साचून मरते. कारण तिला बर्फात ठेवलेले उंदीर भरवतात. डॅनियल बेनेट या अभ्यासकाने घाना देशात तिची पिल्लं शेतात जाऊन पाहिली, तं ती मुख्यतः रातकिड्यांवर जगणारी निघाली. मोबाईलवर खांद्यावरची घोरपड दिसते, तिचं यकृत दिसत नाही. आपल्या देशात परदेशी जातींच्या नोंदणीचे वेगळे नियम आहेत. आपल्या घोरपडीची नोंदणी वगैरे काही होत नाही. ती वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच यादीत. पकडणं, पाळणं, मारणं, विकणं यात तीन ते सात वर्षांची कैद अन् २०२२ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी २५ हजार रुपये दंड आहे. आपल्याकडे तेलासाठी, मटणासाठी मारणारे आहेत, नराचं अवयव वाळवून "हत्था जोडी" नावाचं मूळ म्हणून विकणारे आहेत. त्या सगळ्यांच्या पुढे एक लेकरू, लाडाने पाळणारं, निरागसच वाटते. पण शेवटी घोरपड दोन्हीकडे मरते, अन् लाडाने जास्त दिवस लागतात.

काही जण म्हणतील, घोरपड काही देव नाही. खुराड्यातली अंडी खाते, कोंबडीची पिल्लं उचलते. खरं आहे. माझीही चार पिल्लं मागच्या साली गेली. खुराड्याला खाली वीतभर जमिनीत गाडून बारीक जाळी लावली, तेव्हापासून नाही गेली. धुरा उकरते म्हणता, तेही खरं, पण धुऱ्याला भोकं पाडून बांधीचं पाणी सोडणारे खेकडे अन् उंदीरच असतात. ती त्यांच्याच मागे येते. मी तिला शेतकऱ्याची मित्र-बित्र म्हणणार नाही, ती तिच्या पोटासाठी येते. एवढंच म्हणतो की तिच्या पोटात जे जाते त्यातलं बरंच आपल्या नुकसानीचं असते. आपल्या इतिहासात मात्र तिला मोठा मान आहे. तानाजी मालुसऱ्यांची यशवंती सगळ्यांना माहीत आहे. गडावर दोर घेऊन चढली की नाही हा वाद जाणकार करोत. आमचं पिल्लू चार महिन्यांत क्रेटच्या जाळीवर चढायच्या लायकीचं राहिलं नव्हतं.

इथपर्यंत लिहिलं अन् मलाच एक गोष्ट टोचली. गोठ्यातल्या पिल्लाचं पोट आम्ही दुधाने अन् बॉयलरने बिघडवलं. वावरातल्यांचं आपण कशाने बिघडवून राहिलो?

उंदराचं औषध घ्या. झिंक फॉस्फाईडचं काळं पीठ आपण भरड्यात तेल लावून ठेवतो. उंदीर ते खाऊन बिळाबाहेर मरतो तेव्हा न पचलेलं विष त्याच्या पोटात असते. घार, कुत्रा निदान फाडून खातात. घोरपड बारका उंदीर अख्खाच गिळते, पोटासकट, विषासकट. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या तं उंदराच्या यकृतात साचून राहतात अन् तो मरायला काही दिवस घेतो. तेवढ्या दिवसांत सुस्त झालेला उंदीर कोणाच्याही तोंडी लागतो. खोडकिड्यासाठी बांधीत टाकलेल्या दाणेदार औषधाने खेकडे अन् बेडूक उलटे पडलेले तुम्हीही पाहिले असतील. फोरेटवर २०२० च्या डिसेंबरअखेर बंदी आली, तरी कोणाच्या घरात जुनी पिशवी पडलेली असतेच. ती बांधीत टाकू नका, अन् बोडीतही फेकू नका.

मी औषध टाकू नका म्हणत नाही. उंदराने घाटे कुरतडले तं मलाही राग येतो. पण कृषी सहायक बंधूंना एक विनंती. शेतीशाळेत तुम्ही आमिषाचं प्रमाण सांगता, किती ग्रॅम, किती बिळं. सोबत दुसऱ्या दिवशीचं कामही सांगत जा. आधी सगळी बिळं बुजवायची, सकाळी जी उघडी दिसतील तीच चालू, आमिष फक्त त्यांच्यात खोलवर टाकून तोंड बंद करायचं. धुऱ्यावर उघडं ठेवायचं नाही. अन् पुढचे दोन-तीन दिवस सकाळी उजाडताच फेरी मारून मेलेले उंदीर काठीने वेचायचे, हाताने नाही, अन् हातभर खड्डा करून पुरायचे. हे काम कोणी करत नाही, मीही करत नव्हतो. जिथे वारूळ किंवा मोठं बीळ आहे, ज्याच्या तोंडाशी शेपटीची रेघ अन् दोन्ही बाजूंनी नखांचे ठसे दिसतात, तिथे आमिष टाकायचंच नाही. ते उंदराचं बीळ नाही.

अन् घरात, विहिरीत, कोठ्यात घोरपड आली तं? वन विभागाचा १९२६ हा नंबर आहे, फोन लावा. तोवर खायला काही देऊ नका, दूध तं नाहीच. ती दोन-चार दिवस उपाशी राहिली तं मरत नाही, चुकीचं खाऊन मरते. शेपटी धरून ओढू नका, चावली अन् नखं लागली तं जखम चिघळते. तिच्या अंगावर अन् विष्ठेत जुलाबाचे जंतू असू शकतात, म्हणून लेकरांना लांब ठेवा, हात साबणाने धुवा. आमच्या पुतण्याने चार महिने तिला हाताळून तेच हात भाकरीला लावले. काही झालं नाही, हे नशीब.

क्रेट धुऊन उन्हात टाकला आहे. पुतण्या म्हणाला, "मोठेबाबा, याच्यात टमाटे नका भरू." मी बरं म्हटलं.

येत्या बुधवारी माझ्या अन् शेजारच्या दोन वावरांत उंदराची बिळं बुजवायची आहेत, गुरुवारी आमिष, शुक्रवारपासून वेचणी. ज्यांचा धुरा माझ्या धुऱ्याला लागून आहे त्यांनी फावडं घेऊन यावं. पुतण्याही येतो म्हणाला आहे, मोठी बिळं कोणती ते तो दाखवेल, त्याला माहीत आहेत.